मोगरा पिवळा का दिसला?

गेल्या उन्हाळ्यात, बडोद्याच्या आमच्या जुन्या घरात, काकूंना पूजेच्या परडीतला मोगरा पिवळा दिसू लागला. “फुलं शिळी आणलीस का रे?” त्यांनी मला विचारले. आम्ही सारे हसलो. वय झाले, दुसरे काय! पुढे रांगोळी पिवळी, भातही पिवळा; अन्नावरची वासना उडाली. तेव्हा कोठे मी त्यांना डॉक्टरांकडे नेले.

दोष डोळ्यांचा नव्हता. हृदयासाठी त्या डिगॉक्सिन घेत. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. उतारवयात ती मंदावली, की नेहमीचीच मात्रा अंगात साठते. जग पिवळे-हिरवे दिसते आणि हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. रक्त तपासून डॉक्टरांनी मात्रा उतरवली आणि काही दिवसांनी मोगरा पुन्हा पांढरा झाला.

यात नवे काहीच नाही. डिजिटॅलिस या वनस्पतीवर विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली ग्रंथ लिहिला. तिची मात्रा अधिक झाल्यास वस्तू पिवळ्या किंवा हिरव्या दिसतात, ही नोंद त्यात आहे. त्याने रोग्यांचे ऐकून घेतले. आम्ही घरच्या माणसाचे ऐकले नाही.

क्षयावरील एथॅम्ब्युटॉलनेही तांबडा-हिरवा भेद पुसट होऊ शकतो. म्हणून माझे सांगणे एवढेच: वडीलधारी माणसे रंग बदलला म्हणाली, तर वयावर ढकलून मोकळे होऊ नये. गोळी आपल्या मनाने बंदही करू नये. सगळ्या गोळ्या घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.