काशीचा घाट आणि माझी आई

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी बाबांबरोबर काशीला गेलो. आईला एकदा काशी बघायची होती. आम्ही तिच्या अस्थी घेऊन गेलो.

पहाटे दशाश्वमेध घाटावरून नाव केली. आमचे मराठी बोलणे ऐकून नावाड्याने शेजारचा घाट दाखवला. तो अहिल्याबाई घाट होता.

अहिल्याबाईंवर मी शाळेत दोनदा भाषण केले आहे. त्या धार्मिक होत्या, त्यांनी मंदिरे बांधली, घाट बांधले, एवढे बोललो की टाळ्या मिळतात. काशी विश्वनाथाचे आजचे मंदिर त्यांनी 1780 मध्ये बांधवले, हे खरेच आहे. पण माझे मत असे आहे की हे स्मरण अर्धेच आहे.

आपण कॅडेट आहोत, म्हणून दुसरी अर्धी बाजू आपल्याला माहीत हवी. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात त्यांचे पती खंडेराव मारले गेले. सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाऊ दिले नाही आणि कारभार शिकवला. 1765 मध्ये तर पत्र पाठवून तोफा आणि दारूगोळ्याची व्यवस्था त्यांच्यावर सोपवली. 1766 मध्ये मल्हारराव गेले, 1767 मध्ये मुलगा मालेराव गेला. त्यानंतर 1795 पर्यंत त्यांनी महेश्वरहून राज्य चालवले. विणकरांना आणून वसवले, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. दानधर्माचा खर्च खासगीच्या उत्पन्नातून केला. त्यांची पूजा देवघरात संपत नव्हती, म्हणून लोक त्यांना लोकमाता म्हणाले.

हे मला नावेत बसून का आठवले, ते सांगतो.

माझी आईही रोज पहाटे पूजा करायची आणि एकादशी कधी चुकवायची नाही. ती बचत गट चालवायची. आमच्या गावातले दारूचे दुकान बंद करायला तिने बायकांना एकत्र केले होते. मतदानात ‘आडवी बाटली’ जिंकायला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मते लागतात. जी बाई मतदानाला आली नाही, तिचे मत दुकानाच्या बाजूने गेल्यासारखेच. म्हणून आई दारोदार फिरली. त्याच रविवारी आमची पालकभेट होती. सगळ्यांचे डबे आले, माझा आला नाही. पुढचे तीन रविवार मी फोनवर ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच बोललो. “तुला घरापेक्षा गाव मोठं,” असेही एकदा म्हणालो. ती रागावली नाही. म्हणाली, “अरे, गावातच तर आपलं घर आहे.”

दुकान बंद झाले. दिवाळीत घरी गेलो तेव्हा शेजारच्या काकूंनी मला लाडू दिले आणि आईचे हात धरून रडल्या. तेव्हाही मी आईला ‘चुकलो’ म्हणालो नाही. नंतर म्हणू, असे वाटले होते.

देव, घर आणि समाज अशी तीन वेगळी खाती आईकडे नव्हतीच. अहिल्याबाईंकडेही नसावीत. आपणच ती पाडतो आणि आईने फक्त आपल्या खात्यात असावे असा हट्ट धरतो. देशसेवेची शपथ घ्यायची इच्छा असणाऱ्या मुलाला आईची समाजसेवा खुपावी, हे बरोबर नाही. मला ती खुपली होती, म्हणून लिहितो आहे.

31 मेला अहिल्याबाईंची जयंती असते. तेव्हा आपण सुट्टीवर घरी असतो. त्या दिवशी फोटोला हार घाला, पण आईबरोबर तिच्या कामालाही एक दिवस जा. सतरंज्या उचला, पाणी भरा, यादी लिहून द्या.

आणि मित्रांनो, येत्या रविवारी फोनवर ‘डब्यात काय आणशील’ हे विचारण्याआधी ‘तू या आठवड्यात काय केलंस’ असे विचारा. उत्तर मोठे असेल, तर फोनच्या रांगेत मागे उभा राहणारा मी असलो तरी चालेल. मी थांबेन.