घोड्याचा विमा : हप्ता स्वस्त, पण डॉक्टरचे बिल कोण भरणार?

पिंपरी-चिंचवड म्हटले की डोळ्यांसमोर कारखाने येतात. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, मग आकुर्डी आणि भोसरी भरली आणि पुढे चाकणपर्यंत मोटारींच्या कारखान्यांची रांग लागली. परंतु याच पट्ट्यात एक जुना धंदा अजून तग धरून आहे आणि तो घोड्याचा आहे. टांगे गेले, पण नवरदेवाची घोडी व वरातीची बग्गी राहिली. कामगारांची वस्ती वाढली, लग्ने वाढली, नाशिक रस्त्याला मंगल कार्यालये उभी राहिली आणि घोडीवाल्याला काम मिळत गेले. याशिवाय खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळ या भागांत बैलगाडा शर्यतीत बैलांपुढे घोडी धावते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती बंद झाल्या होत्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने महाराष्ट्राचा कायदा कायम झाला. त्यामुळे घाटात घोडी पुन्हा दिसू लागली आहे.

टांगेवाले, नालबंद, बग्गीवाले यांच्यात आपल्या समाजातील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अशा घरात घोडा हीच गिरणी आणि हाच कारखाना असतो. ऐन लग्नसराईत तो आजारी पडला तर दुहेरी मार बसतो, कारण एकीकडे डॉक्टरचे बिल चालू होते आणि दुसरीकडे घेतलेल्या सुपाऱ्या परत कराव्या लागतात. म्हणून कोणी स्वस्त विम्याची गोष्ट काढली की घोडीवाला लगेच कान देतो. हा विमा घ्यावा की नाही, याचा हिशेब येथे मांडायचा आहे.

विमा कशाचा असतो?

सर्वात आधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपल्याकडे सर्वसाधारण विमा कंपन्या घोडा, खेचर, गाढव यांच्यासाठी जी पॉलिसी देतात ती मुख्यतः मृत्यूची असते. रोगाने अथवा अपघाताने जनावर दगावले तर पैसे मिळतात. जास्त हप्ता भरल्यास कायमचे अपंगत्वही त्यात घेता येते. मात्र जनावर आजारी पडले, आठ दिवस सलाईन चालले आणि बरे झाले, तर त्या बिलाचा एक पैसाही अशा पॉलिसीतून बहुधा मिळत नाही. माणसाच्या मेडिक्लेमसारखी ही गोष्ट आहे असे समजून हप्ता भरणारा पुढे निराश होतो.

डॉक्टरचे बिल भरणारा घोड्याचा विमा ब्रिटन-अमेरिकेत प्रचलित आहे. अमेरिकेतही तो बहुतेक वेळा मृत्यूच्या पॉलिसीला जोडूनच मिळतो. आपल्याकडे कुत्र्यांसाठी उपचारखर्चाचा विमा आला आहे. पुण्याच्या बजाज अलियान्झने तो ऑगस्ट २०२० मध्ये काढला. मालकाच्या हौसेच्या प्राण्याला जे मिळाले ते मालकाचे पोट भरणाऱ्या प्राण्याला सहजी मिळू नये, ही खेदाची बाब आहे. तरीही, उद्या असा स्वस्त विमा कोणी दारात आणला तर तो डोळे झाकून घ्यावा काय? आमचे मत आहे की घेऊ नये, आणि त्याचे कारण आकड्यांत आहे.

स्वस्त पॉलिसीचा हिशेब

समजा वर्षाचा हप्ता २,५०० रुपये आहे. प्रत्येक बिलातील पहिले २,००० रुपये मालकाने सोसायचे आणि वर्षात जास्तीत जास्त १०,००० रुपये मिळायचे, अशी अट आहे. स्वस्त पॉलिसीची घडण साधारण अशीच असते. आता वर्षात तीन वेळा डॉक्टर आले आणि दर वेळी १,५०० रुपये बिल झाले असे धरा. एकूण खर्च ४,५०० झाला, पण एकही बिल २,००० च्या वर गेले नाही म्हणून कंपनीकडून काही मिळाले नाही. दुसऱ्या घोडीवाल्याचे एकच बिल २५,००० चे झाले. त्याला १०,००० मिळाले आणि उरलेले १५,००० त्याने पदरचे भरले. म्हणजे लहान बिल अटीखाली दबून जाते आणि मोठे बिल मर्यादेबाहेर सांडते. दोन्हीच्या मधले बिल आले तरच पॉलिसीचा खरा उपयोग होतो. त्यातही जुना लंगडेपणा अथवा आधीपासूनचा आजार वगळलेला असतो आणि वय वाढेल तशा अटी कडक होतात.

लहान बिल हे संकट नव्हे. तो नाल आणि चंदीसारखा धंद्याचा नेहमीचा खर्च आहे. विमा अशा नुकसानीचा घ्यावा की जे एकदाच येते पण घर बसवते. घोडा मरणे हे तसे नुकसान आहे.

मृत्यूचा विमा मात्र घ्यावा

घोडी १,२०,००० रुपयांची आहे आणि हप्ता शेकडा चार आहे असे धरले तर वर्षाला ४,८०० रुपये होतात. ज्याच्याकडे एकच जनावर आहे आणि ते कर्ज काढून घेतलेले आहे, त्याने हा खर्च करावा. ज्याच्या तबेल्यात आठ-दहा घोडे आहेत त्याला एकाच्या मृत्यूचा धक्का तुलनेने कमी बसतो, म्हणून त्याने फक्त महागड्या जनावरांपुरता विचार केला तरी चालेल.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात जनावरांच्या विम्याला अनुदान आहे आणि त्यात गायी-म्हशींबरोबर घोडा, गाढव, खेचर हेही येतात. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मालकाचा वाटा हप्त्याच्या १५ टक्क्यांवर आणला. त्यापूर्वी तो २० ते ५० टक्के होता. वरच्या उदाहरणात हे अनुदान लागू झाल्यास मालकाला ४,८०० ऐवजी ७२० रुपयेच भरावे लागतील. इतक्या कमी पैशात हे संरक्षण सोडून देणे शहाणपणाचे नाही. आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन योजना चालू आहे का आणि आपले जनावर तिच्यात बसते का, हे स्वतः विचारावे. एजंटाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये.

क्लेम कोठे अडतो?

अशा पॉलिसीत काही अटी ठरलेल्या असतात. ओळखीची खूण नाही तर क्लेम नाही, ही पहिली अट. म्हणून कानाचा बिल्ला अथवा चिप, रंग, पायाचे व कपाळाचे पांढरे पट्टे, चारी बाजूंचे फोटो हे सर्व कागदोपत्री असावे. पॉलिसी घेतल्यावर पहिल्या पंधरा दिवसांतील रोग बहुधा वगळलेला असतो. जादा ओझे लादणे, दुर्लक्ष, अडाणी माणसाकडून केलेला उपचार, चोरी यांमुळे झालेले नुकसान मिळत नाही. मृत्यूनंतर डॉक्टरचा दाखला लागतो, म्हणून कंपनीला कळवण्याआधी जनावर पुरू नये.

कामाचे स्वरूप अर्जात खरे लिहावे. घोडी वरातीला जाते की घाटात धावते, हे लपवले तर ऐन वेळी तेच कारण पुढे करून क्लेम नाकारला जाईल. आणखी एक गोष्ट अशी की वरातीत डीजेच्या दणक्याने अथवा फटाक्याने घोडी बिथरली आणि तिने पाहुण्याला लाथ मारली, तर त्याची भरपाई या पॉलिसीत येत नाही. त्यासाठी तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा वेगळा विमा असतो. रोज गर्दीत काम करणाऱ्याने डॉक्टरच्या बिलाआधी त्याची चौकशी करावी.

बिलासाठी आपला फंड

मग डॉक्टरच्या बिलाचे काय? त्याला उपाय भिशीचा. रोज २० रुपये बाजूला टाकले तर वर्षाला ७,३०० रुपये होतात. आजारपण आले नाही तर ते आपलेच राहतात, हप्ता मात्र परत येत नाही. दहा घोडीवाल्यांनी दरमहा ५०० रुपये घातले तर वर्षाला ६०,००० जमतात आणि एखाद्याच्या मोठ्या बिलाला हात देता येतो. नियम लेखी असावेत, हिशेब दोघांच्या सहीने चालावा आणि पैसे डॉक्टरच्या पावतीवरच द्यावेत. विम्याच्या व्यवहारात व्याज आणि अनिश्चितता येते म्हणून अनेकांना शंका असते. त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. परस्पर मदतीच्या तत्त्वावर सुदानमध्ये १९७९ साली तकाफुलची कंपनी निघाली आणि मलेशियाने १९८४ साली त्याचा कायदा केला. आपली भिशी हे त्याच विचाराचे छोटे रूप आहे.

फंडाइतकेच महत्त्व काळजीला आहे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ झाला तर तो जीवघेणा ठरू शकतो. वेळेवर पाणी, स्वच्छ चारा आणि चंदीत एकदम बदल न करणे, यांनी त्याचा धोका पुष्कळ कमी होतो. धनुर्वात घोड्याला फार लवकर होतो आणि नालबंदीतील एक खिळा त्याला पुरतो, पण त्याची लस मोठ्या बिलाच्या मानाने अगदी स्वस्त आहे. जंताचे औषध, खुरांची निगा आणि दोन वरातींमध्ये विश्रांती यांनाही तेच लागू आहे. सरकारी दवाखाने गावोगावी आहेत आणि १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सेवा मागता येते. लाजून अथवा खर्चाला भिऊन दोन दिवस घरगुती उपाय करत बसणे हेच शेवटी सर्वात महाग पडते.

तेव्हा आमचा सल्ला सरळ आहे. मृत्यूचा विमा अनुदानासह मिळत असेल तर तो घ्यावा आणि नसेल तर एकुलत्या एका घोड्यापुरता तरी घ्यावा. डॉक्टरच्या बिलाचा स्वस्त विमा कोणी दाखवला तर मालकाने किती सोसायचे, जास्तीत जास्त किती मिळणार आणि काय वगळले आहे, हे तीन आकडे कागदावर मागावेत आणि मगच ठरवावे. आणि लग्नसराई संपून पावसाळ्यात घोडी तबेल्यात उभी राहते, त्या मोकळ्या दिवसांत भोसरी, मोशी, चाकणच्या घोडीवाल्यांनी एकत्र बसून आपला फंड उभा करावा. हंगाम सुरू झाल्यावर त्यासाठी वेळ राहणार नाही.