माझ्या नावापुढे शिफारस नको

मा. संपादक महाशय यांस,


अग्निशमन दलातून निवृत्त झालेल्या आणि मूत्रपिंड निकामी झाल्यामुळे प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांस प्रतीक्षायादीत अग्रक्रम द्यावा, अशी सूचना एका सहृदय वाचकाने याच सदरात केली असून, ज्यांनी दुसऱ्यांचे प्राण वाचविले त्यांचे प्राण समाजाने आधी वाचवावेत, असे तीमागील तत्त्व त्यांनी मांडले आहे. हे गृहस्थ ज्यांची वकिली करीत आहेत त्यांपैकीच मी एक. वऱ्हाडातील जिनिंग-प्रेसिंगच्या आगी विझविण्यात माझी उमेद सरली. आता पासष्टी उलटली आहे, डायलिसिसवर दिवस निघत आहेत आणि नागपूरच्या विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या यादीत माझे नाव दाखल आहे. सूचनेचा लाभ ज्याच्या पदरात पडावयाचा त्यानेच तिला हरकत घ्यावी हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल, तथापि ती घेणे मला प्राप्त आहे.

आमच्या केंद्रावर वर्दीची एक नोंदवही असे. वर्दी कोणत्या भागातून आली, किती वाजता आली, बंब किती वाजता बाहेर पडला, एवढाच मजकूर तीत लिहिला जाई. वर्दी देणाऱ्याचा हुद्दा लिहिण्यासाठी रकानाच नव्हता आणि तो नव्हता म्हणूनच बड्या बंगल्यावरून आलेल्या फोनला झोपडपट्टीतून आलेल्या फोनपेक्षा अधिक वजन चढले नाही. मूत्रपिंडाच्या यादीतही रक्तगट, वय, डायलिसिसवर काढलेला काळ अशा गोष्टी पाहून क्रम लागतो. त्या यादीत उपजीविकेचा रकाना एकदा उघडला की आज अग्निशामक, उद्या सैनिक, परवा डॉक्टर आणि त्यानंतर यथाकाल आमदारसाहेबांचे स्वीय सहायक, असा वशिल्याचा ओघ सुरू होईल, व तो थोपविण्यास कोणताही हुकूम पुरा पडणार नाही. आणि मागे ढकलला जाईल तो कोण? माझ्या शेजारच्या खाटेवर दर्यापूरकडील एक शेतकरी असतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूस, विहिरीचे खारे पाणी पिढ्यान्‌पिढ्या पोटात गेले आणि मूत्रपिंडाचे विकार त्याच पाण्याने जडले, अशी तेथील लोकांची जुनी तक्रार आहे. "भाऊ, लागला काय तुमचा नंबर?" असे तो मला दर खेपेस विचारतो. मी बंबावर होतो एवढ्याच कारणास्तव माझा नंबर त्याच्या आधी लागावा, हे त्याच्या तोंडावर सांगण्याचे धैर्य मला नाही, आणि ज्यांना ते असेल त्यांनी ते अवश्य करून पाहावे.

अग्रक्रम ही कल्पनाच त्याज्य आहे, असे माझे म्हणणे नाही. इस्रायलने 2008 च्या कायद्यान्वये, जो स्वतः दाता म्हणून नाव नोंदवितो त्यास गरज पडल्यास काही प्राधान्य देऊ केले. आपल्याकडेही राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेने ऑगस्ट 2025 मध्ये राज्यांना कळविले की, मृत दात्यांचे निकटचे आप्त व स्त्री रुग्ण यांस प्राधान्य द्यावे. या तजविजींत न्याय आहे, कारण दान देणाऱ्याच्या घरास त्या दानाची पोच मिळते. आणि स्त्रियांविषयी बोलावयाचे तर आपल्या देशात दर पाच जिवंत दात्यांत तीन स्त्रिया असतात, मात्र अवयव स्वीकारणाऱ्यांत पुरुषच अधिक. (माझीही लेकच पुढे झाली होती, मी नकार दिला, आणि त्यावरून घरात झालेला अबोला अद्याप पुरता मिटलेला नाही.) अग्निशामकास अग्रक्रम दिल्याने मात्र देशात एकही मूत्रपिंड वाढत नाही. एका माणसाचा मृत्यू दुसऱ्याच्या खात्यावर वळता होतो, इतकेच. मी स्वतः या यादीत आलो तो व्यवसायाच्या पुण्याईने आलो नाही. पासष्टीपुढील रुग्णास मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदविण्याची जी मनाई होती ती 2023 मध्ये सर्वांसाठीच उठली, म्हणून आलो.

खरी वाण आहे ती अवयवांची. 2023 साली देशात जिवंत दात्यांची संख्या 15,000 च्या पुढे गेली आणि मृत्यूपश्चात दाते निघाले अवघे 1,099. दहा लाख लोकसंख्येमागे आपल्याकडे असा एकही दाता पडत नाही, तर स्पेनमध्ये तो आकडा पन्नाशीच्या घरात आहे. कायदा नाही म्हणावे, तर तो 1994 पासून आहे, व महाराष्ट्राने तो पहिल्याच फेरीत, 1995 मध्ये लागू केला. मेंदूचा मूलस्तंभ मृत झाला असे चार डॉक्टरांनी, सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून, प्रमाणित करावयाचे असते. 2011 च्या दुरुस्तीने अतिदक्षता विभागातील डॉक्टरांवर, अशा रुग्णाच्या नातेवाइकांस अवयवदानाविषयी विचारण्याची जबाबदारीच टाकली. आणि दात्याची देखभाल, अवयव काढणे व पोचविणे यांचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडू नये, असे 2014 चे नियम सांगतात. एवढे सगळे कागदावर असता वऱ्हाडात घडते काय? महामार्गावर मोटारसायकल घसरते, तरुणाच्या डोक्याला मार लागतो, 108 ची गाडी त्यास गाठते, पहिले रुग्णालय त्यास 'नागपूरला रेफर' करते, आणि ज्याला हलविण्याची सोय नाही किंवा हलवून उपयोग नाही तो येथेच कृत्रिम श्वासावर पडून राहतो व हृदय थांबेपर्यंत कोणीही त्याच्या बापाला काही विचारीत नाही. विचारणे कठीण असते, हे मला ठाऊक आहे. जळालेल्या घरापुढे उभ्या असलेल्या माणसाशी बोलण्याची पाळी आमच्यावर अनेकदा आली आहे. परंतु कठीण म्हणून ते टाळण्याची मुभा कायद्याने कोणास दिलेली नाही. पंचनामा व शवविच्छेदन यांमुळे घोटाळा होईल, ही सबब नेहमी पुढे केली जाते. वास्तविक अपघाती मृत्यूच्या प्रकरणांतही अवयव काढण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे, आणि पोलीस व रुग्णालय यांनी वेळीच एकमेकांशी बोलावे यापलीकडे तीस फारसे काही लागत नाही.

अंतराचे कारण तर ऐकूनच घेऊ नये. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून सुमारे अडीचशे; आणि योग्य रीतीने थंड राखलेले मूत्रपिंड चोवीस तास टिकते. शिवाय अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्यास आपण सुपर स्पेशालिटी म्हणतो, मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण होतच असते. जून 2022 मध्ये याच अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटरचे डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत उरकले गेले व गिनीज बुकात त्याची नोंद झाली, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्या प्रदेशास एवढी घाई साधते त्यास सहा तासांच्या अंतराने दोन तपासण्या साधू नयेत, हे पटण्यासारखे नाही.

अग्निशामकांचे समाजावर काही ऋण आहे असे ज्यांस मनापासून वाटते, त्यांनी ते दुसऱ्या मार्गाने फेडावे. कापसाच्या गंजीची आग वरून विझली तरी आत दिवसचे दिवस धुमसत राहते, आणि अकोल्याच्या मे महिन्यात, जाड गणवेशात, पाण्याचा घोटही न घेता ती गंजी उपसणाऱ्या माणसाच्या रक्ताची व लघवीची तपासणी कित्येक वर्षे कोणी करीत नाही. अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये ठरविले. नोकरीत असताना दर वर्षी सक्तीची तपासणी, आणि निवृत्तीनंतर औषधपाण्याची हमी, एवढे मागा. मी त्या अर्जावर सर्वांत आधी सही करीन.

अमरावती विभागाच्या पाचही जिल्ह्यांतील अतिदक्षता विभाग असलेल्या सरकारी व खासगी रुग्णालयांस विभागीय आयुक्तांनी एकदा पाचारण करावे, आणि गेल्या वर्षभरात किती मेंदूमृत्यू प्रमाणित केले व किती कुटुंबांस विचारले, याचा लेखी खुलासा प्रत्येकाकडून मागून तो दरमहा प्रसिद्ध करावा, अशी माझी विनंती आहे. वाचकांस एवढेच सांगणे की, अवयवदानाविषयी आपली इच्छा काय आहे ती आज रात्री जेवताना घरच्यांस सांगून ठेवावी; कारण कार्ड भरलेले असले तरी त्या वेळी होकार द्यावयाचा तो त्यांनाच.

आपला,
एक निवृत्त अग्निशामक
अमरावती