शेजाऱ्याचे मांजर आणि आपला शेजारधर्म

वसईच्या पट्ट्यात अलीकडे एक नवी रीत रुजू लागली आहे. तिच्याविषयी चारचौघांत कुणी बोलत नाही, म्हणून आम्ही बोलत आहोत. वाडीतले कौलारू घर पाडून तेथे इमारत उभी राहते. घरातील मंडळी तात्पुरती भाड्याच्या फ्लॅटमध्ये, कधी परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे राहावयास जातात. कपाटे, भांडीकुंडी, आल्तारावरील तसबिरी, तुळया आणि कौलेसुद्धा टेम्पोत चढतात. मांजर तेवढे चढत नाही. ‘ते काय, कुठेही जगेल,’ असे म्हणून त्याला कुंपणावर बसलेले ठेवून मंडळी निघून जातात.

या वाक्याविरुद्ध आमची तक्रार आहे. मांजर कुठेही जगत नाही. पूर्वीच्या घरात ते जगत होते, कारण तेथे भाताची कणगी होती, कणगीला उंदीर होते, ओसरीवर सुके बोंबील होते आणि मासळी साफ करताना चार तुकडे पुढ्यात टाकणारी आजी होती. ते त्या घराचे बिनपगारी चाकर होते आणि त्याची भाकरी ते कमवीत असे. आजचे मांजर पुष्कळदा तसे नसते. मुलाच्या पहिल्या ख्रिस्तशरीर-स्वीकाराच्या दिवशी भेट म्हणून हजारो रुपये मोजून आणलेले लांब केसांचे पर्शियन पिल्लू असते ते. त्याला शिकार कुणी शिकवलेली नसते. रोज विंचरले नाही तर त्याच्या केसांच्या गाठी कातडीला ओढ लावतात, डोळे चिकटतात. त्याला रस्त्यावर सोडणे म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या माणसाला ‘आता जा, कमावून खा’ असे सांगण्यासारखे आहे.

अशाच एका मांजरावरून आमच्या धर्मग्रामातील एका आळीत मध्यंतरी बराच वाद झाला. मालक दूर राहावयास गेले होते. एका भगिनीने दयेपोटी त्याच्यापुढे दुधाची बशी ठेवली, तर त्याला हगवण लागली. दुसऱ्या गृहस्थांनी गोणीत घालून मासळीबाजारात सोडून येण्याचा उपाय सुचवला. तिसरे म्हणाले, ‘त्यांचे मांजर, त्यांनी पाहावे.’ चौथ्यांनी आम्हांस विचारले, ‘फादर, माणसे उपाशी असताना मांजराची चर्चा कशाला?’ ही चारही उत्तरे आपल्या समाजात इतकी प्रचलित आहेत की, त्यांचा एकेक करून समाचार घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

‘त्यांचे मांजर, त्यांनी पाहावे’ हे उत्तर ऐकावयास न्याय्य वाटते. पवित्र शास्त्राला मात्र ते मान्य नाही. अनुवादाच्या ग्रंथातील बाविसाव्या अध्यायाच्या आरंभी नेमका हाच प्रश्न हाताळलेला आहे. आपल्या बांधवाचे जनावर भटकताना दिसले तर न पाहिल्यासारखे करू नये, ते त्याच्याकडे पोहोचवावे. तो जवळ राहत नसेल तर जनावर आपल्या घरी आणावे आणि तो शोधत येईपर्यंत सांभाळावे, अशी तेथे आज्ञा आहे. निर्गमाचा ग्रंथ तर याहूनही पुढे जातो. ज्याच्याशी आपले वैर आहे त्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले, तरी त्याला मदत केल्यावाचून पुढे जाऊ नये, असे तो सांगतो. बांधावरून वा पाण्याच्या पाटावरून ज्यांच्याशी दोन पिढ्या बोलणे बंद आहे, त्यांच्या मांजरालाही ही आज्ञा लागू होते. मालकाचा दोष मालकाच्या माथी. भुकेल्या जनावराच्या पोटात तो दोष जात नाही.

आता ‘माणसे उपाशी असताना’ या आक्षेपाकडे वळू. हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि त्यात सत्याचा अंश आहे, हे आम्ही नाकारीत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत, माणसाचे दुःख निवारण्यासाठी खर्चावयाचा पैसा जनावरांवर उधळणे योग्य नाही आणि माणसाच्या वाट्याचे प्रेम जनावराला देऊ नये, असे स्पष्ट सांगितले आहे. तथापि त्याच परिच्छेदाचा आरंभ आक्षेप घेणारे विसरतात. जनावरांना विनाकारण यातना देणे वा मरू देणे हे मानवी प्रतिष्ठेला न शोभणारे आहे, हेही तेथेच म्हटले आहे. आणि आम्ही नम्रपणे विचारतो, मांजराला दिलेल्या उकडलेल्या मासळीच्या चार घासांनी कोणत्या गरिबाचे ताट रिकामे झाले? ‘माणसे उपाशी आहेत’ असे सांगणारे किती जण संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या कामाला हजर असतात? आमचा अनुभव असा की, दार ठोठावणाऱ्या गरिबाला जे उठून उत्तर देतात, तेच बहुधा कुंपणावरच्या मांजरालाही उत्तर देतात. आणि जे मांजराला माणसाचे कारण सांगतात, ते माणसाला दुसरेच काही कारण सांगतात. करुणा ही काही शिधापत्रिकेवरची साखर नव्हे की, एकाला दिली म्हणून दुसऱ्याला कमी पडावी. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच बजावले की, प्राणिमात्रांविषयीची बेपर्वाई आज ना उद्या माणसांशी असलेल्या वागणुकीत उतरते. संत थॉमस अक्वायनस यांनीही कित्येक शतकांपूर्वी या धोक्याकडे बोट दाखवले होते. ज्या घरातील मुले ‘आता गैरसोय होते, म्हणून टाकून दिले’ हे डोळ्यांनी पाहतात, ती मुले तो धडा मांजरापुरताच लक्षात ठेवतील, अशी खात्री कुणी द्यावी? म्हातारपणी गैरसोय आपलीही होणार आहे.

मासळीबाजाराचा उपाय हा सर्वांत दुष्ट. कारण तो दयेचा वेष घालून येतो. ‘तेथे त्याला भरपूर खायला मिळेल,’ असे म्हणत गोणीचे तोंड बांधले जाते. वस्तुतः मांजर हे जागेला बांधलेले जनावर आहे. बाजारातील प्रत्येक कोपरा दुसऱ्या मांजरांनी आधीच वाटून घेतलेला असतो. नवखे घरगुती मांजर तेथे मार खाते, भेदरून वाहनाखाली येते किंवा जुन्या घराच्या ओढीने निघून वाटेत संपते. सोडून येणाऱ्याला ते दिसत नाही, एवढाच त्या उपायाचा गुण. कायद्यालाही हे मान्य नाही. उपाशी वा तहानलेले राहण्याची शक्यता असताना जनावराला सबळ कारणाशिवाय टाकून देणे हा १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमान्वये गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्याने ठरवलेला दंड दहा ते पन्नास रुपये. मांजराचे दोन दिवसांचे खाद्यही आज त्यात धड येणार नाही. दंड क्षुल्लक म्हणून पापही क्षुल्लक, असे मात्र कुणी समजू नये. आणि कुणाच्या मनात विषाचा विचार डोकावत असेल, तर त्याने हेही ध्यानात घ्यावे की, २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जनावराला विष घालून मारण्याच्या आगळिकीला पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे.

राहिली दुधाची बशी. त्या भगिनीच्या हेतूला आम्ही वंदन करतो. परंतु चांगल्या हेतूला थोडी माहितीही हवी. पुष्कळशा प्रौढ मांजरांना गाईम्हशीचे दूध पचत नाही. मांजर हे मांसाहारी जनावर. नुसत्या डाळभातावर त्याचे भागत नाही. स्वच्छ पाणी आणि काटे काढलेली उकडलेली मासळी किंवा कोंबडीचे मांस थोडे थोडे द्यावे. दोनतीन दिवस काहीच न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृताला गंभीर अपाय होऊ शकतो. म्हणून उपास लांबला असेल तर पशुवैद्याकडे नेण्यास विलंब करू नये. घरातली तापाची गोळी तर चुकूनही देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला प्राणघातक ठरते. भेदरलेल्या मांजराला उघड्या हातांनी धरू नये, जाड टॉवेल वापरावा. ते चावले वा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी डॉक्टरांकडे जावे.

मग नेमके करावे काय? भूक थांबत नाही, म्हणून पाणी आणि अन्न पहिल्याच दिवशी. त्यानंतर मालकाशी बोलावे. कसे बोलावे, हे प्रभू येशूने मत्तयच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायात सांगून ठेवले आहे: प्रथम एकट्याने, एकांतात, ऐकले नाही तर एकदोघांना सोबत घेऊन, तरीही नाही तर समुदायापुढे. आपण नेमके उलटे करतो. आधी सगळ्या आळीत बोभाटा आणि मालकाला फोन कधीच नाही. पुष्कळदा मालकाला लाज वाटत असते. कधी फ्लॅटच्या सोसायटीने ‘येथे प्राणी चालणार नाहीत’ असे दटावलेले असते आणि तो निमूटपणे मान खाली घालतो. त्याला सांगावे की, पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार सोसायटीला नाही, हे भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे. कधी घरात आजारपण असते, कधी कर्ज असते. अशा वेळी मालकालाही मदतीचा हात हवा असतो.

मालकाने हात झटकले, तर त्याच्याकडून मांजराचा हक्क सोडल्याची चार ओळींची चिठ्ठी घ्यावी, म्हणजे पुढे भांडण नको. मग निर्बीजीकरण करून घ्यावे. मांजरी चारपाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. एका मांजरीची दया न केल्यास वर्षभरात डझनभरांची करावी लागते. काही भाविक शंका घेतात की, हे ख्रिस्तसभेच्या शिकवणीविरुद्ध नाही काय? नाही. ती शिकवण माणसाच्या विवाहाच्या प्रतिष्ठेविषयी आहे. जनावरांच्या बाबतीत आपण कारभारी आहोत, आणि कारभाऱ्याने उपाशी मरणारी पिल्ले वाढू देणे हा चांगला कारभार नव्हे. खर्च एकाच घरावर का पडावा? आळीतील ख्रिस्ती समूहाची दहा घरे वर्गणी काढतील तर तो कुणालाच जड होणार नाही. आजार मोठा असेल, तर मुंबईत परळचे ‘बैलघोडा’ रुग्णालय आहे. १८७४ साली स्थापन झालेल्या संस्थेने चालवलेले आणि एका पारशी दानशूराच्या देणगीतून उभे राहिलेले ते रुग्णालय आपल्या करुणेच्या गप्पांना आजही लाजवते. शेवटी त्या मांजराला एक घर शोधावे. ते मिळेपर्यंत आळीनेच त्याचे घर व्हावे.

मांजराचा उल्लेख आपल्या बायबलमध्ये जेमतेम सापडतो. बारूखच्या ग्रंथात मूर्तीवर बसणाऱ्या पाखरांसोबत ते येते, एवढेच. परंतु तोबियाच्या प्रवासात त्याचा कुत्रा सोबत चालतो, आणि निनवेवर दया करताना परमेश्वर योनाला तेथील एक लाख वीस हजार माणसांबरोबर तेथील पुष्कळ गुराढोरांचीही आठवण करून देतो. सर्वशक्तिमान परमेश्वराच्या हिशेबात जनावरे बसतात. आपल्याच हिशेबात ती बसू नयेत, इतके मोठे आपण केव्हा झालो?

दरवर्षी ४ ऑक्टोबरला आपण संत फ्रान्सिस असिसी यांचा सण साजरा करतो, मुले पाखरांची चित्रे काढतात, आम्ही प्रवचन देतो. यंदा प्रत्येक आळीने आपल्या हद्दीत टाकून दिलेले एक तरी जनावर हुडकावे, त्याच्या मालकाशी प्रेमाने बोलावे आणि त्याची सोय लावावी. आणि ज्यांना घर बदलावयाचे आहे त्यांनी टेम्पो ठरवण्याआधी मांजराची व्यवस्था ठरवावी. हे ज्यांना जमणार नाही, त्यांनी मुलाच्या हट्टाखातर पिल्लू विकत आणू नये. बाहुली पुरेशी आहे. तिला भूक लागत नाही.