केनियाला गोळ्या, भामरागडला सनस्क्रीन

माझी एक मैत्रीण केनियाला निघाली, तेव्हा तिने महिनाभर आमचं डोकं खाल्लं होतं. यलो फीव्हरची लस झाली, मलेरियाच्या गोळ्या झाल्या, फुल बाह्यांचे खाकी शर्ट झाले. त्याच नोव्हेंबरात मी ताडोबा करून पुढे आलापल्लीमार्गे हेमलकसा-भामरागडला गेले. बॅगेत काय? सनस्क्रीन आणि कॅमेऱ्याच्या दोन बॅटऱ्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात जायला कसल्या आल्यात गोळ्या!

खरं तर राज्यातल्या मलेरियाच्या नकाशावर गडचिरोली वर्षानुवर्षं ठळक आहे. त्यातही तिथे सापडतो तो बराचसा फाल्सिपेरम, म्हणजे वेळेवर औषध नाही मिळालं तर थेट मेंदूपर्यंत जाणारा. पावसाळा आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने हा त्याचा सीझन. आणि नेमकं तेव्हाच जंगल हिरवंगार असतं, आपल्याला सुट्ट्या असतात!

परतताना ड्रायव्हरभाऊ म्हणाले, "ताई, घरी जाऊन ताप आला तं डॉक्टरले सांगजा, गडचिरोलीले गेली होती म्हणून." मी हसून मान डोलावली, आणि विसरले.

अकराव्या दिवशी ऑफिसात हुडहुडी भरली. डॉक्टर म्हणाले व्हायरल असेल, पॅरासिटामॉल घ्या. त्यांचं काय चुकलं? "कुठे बाहेर गेला होतात का?" हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. तिसऱ्या रात्री ताप उतरेना, तेव्हा भाऊ आठवले. सकाळी रक्त तपासलं. फाल्सिपेरम! पुढचे काही दिवस कसे गेले ते लिहीत नाही. आईला विचारा.

तर मंडळी, हा डास चावल्यावर मलेरियाचे जंतू आधी यकृतात जाऊन बसतात. रक्तात यायला त्यांना साधारण आठवडा तरी लागतो, कधी त्याहून जास्त. म्हणून ताप येतो तो आपल्या घरी, ट्रिपचे फोटो दाखवून झाल्यावर. आणि म्हणूनच डॉक्सिसायक्लिनची गोळी जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून, परतल्यावरही चार आठवडे रोज घ्यायची असते. आपण घरी आलो की पहिली गोष्ट करतो ती गोळ्या बंद! या गोळीने त्वचा उन्हाला हळवी होते, म्हणजे सनस्क्रीन अगदीच वाया नाही. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत. तेव्हा केमिस्टकडून परस्पर आणू नका, डॉक्टरांना कुठे, किती रात्री राहणार ते सांगा. ताडोबाच्या रिसॉर्टमधल्या दोन रात्री आणि भामरागडच्या गावातला आठवडा यात फरक आहे.

गोळी घेतली तरी मच्छरदाणी हवीच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो हे आपल्याला शहरात पाठ झालंय, पण मलेरियाचा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत फिरतो. म्हणजे शेकोटीभोवतीच्या गप्पा शॉर्ट्सवर नकोत.

तिथल्या गावांत आशाताई बोटाला टोचून पंधरा-वीस मिनिटांत मलेरियाची टेस्ट करतात. मला ती पुण्यात, कारने दहा मिनिटांवर लॅब असताना, तीन दिवस उशिरा मिळाली. आपण चार रात्रींसाठी गोळ्यांचा हिशोब करतो. तिथली माणसं बारा महिने तिथेच झोपतात.

बरी झाल्यावर भाऊंना फोन केला. ते म्हणाले, "सांगितलं होतं ना?" मग विचारलं, "आता पुन्हा कवा येता?"