सातबाऱ्यावर तिचे नाव

घरातले पोर तापाने दगावते, दुभती गाय मरते, हातातोंडाशी आलेले पीक जाते. मग भगताला विचारले जाते आणि त्याचे बोट एखाद्या बाईकडे वळते. नंदुरबारच्या सातपुड्यात तिला डाकीण म्हणतात, झारखंडात डायन. मग मारहाण, गावातून हाकलणे, कधी थेट खून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात खुनाच्या कारणांमध्ये जादूटोण्याचा वेगळा रकाना आजही ठेवावा लागतो. याला आपण अंधश्रद्धा म्हणतो आणि शाळा, दवाखाना, प्रबोधन हा उतारा सुचवून मोकळे होतो. उतारा खोटा नाही, पण अपुरा आहे. भगताचे बोट इतक्या वेळा विधवेकडे किंवा मुलगा नसलेल्या एकट्या बाईकडेच का वळते, याचा उलगडा त्यातून होत नाही.

झारखंडमधील आदिवासी स्त्रिया, जमीन आणि जंगल यांचा अभ्यास करणाऱ्या गोविंद केळकर आणि देव नाथन यांनी तो उलगडा १९९१ मध्येच करून ठेवला आहे. तिथल्या रूढीप्रमाणे विधवेला नवऱ्याची जमीन हयातीपुरती कसता येते; तिच्यामागे ती दीर-पुतण्यांकडे जाते. तिला डायन ठरवले, की तिच्या मरणाची वाट पाहावी लागत नाही. कौल देवाचा असला, तरी लाभ भाऊबंदांचा असतो.

महाराष्ट्राने २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर का होईना, जादूटोणाविरोधी कायदा केला. त्यात ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत कैद आहे, दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. पण हा कायदा बाईला मार बसल्यावर धावून येतो. मार ज्यासाठी बसतो ती जमीन तिच्या नावावर नसते, आणि ती का नसते याचे उत्तर दुसऱ्याच कायद्यात आहे.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्याच्या कलम २(२) नुसार, केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि संसदेने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. आदिवासी मुलगी दोन्ही वेळा दाराबाहेरच राहिली. इथे १९७२ ची आठवण होते. त्या वर्षी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. सोसले आदिवासी मुलीने, संरक्षण मिळाले देशातल्या साऱ्या स्त्रियांना. वारशाचा कायदा मुलींसाठी बदलला, तेव्हा वगळली गेली तीच.

न्यायालयांनी ही विसंगती पाहिली नाही असे नाही. १९९६ मध्ये छोटा नागपूरच्या आदिवासी स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रूढी रद्द करण्याचे टाळले. जमिनीवर पोट असलेल्या बायकांना ताब्यापुरता दिलासा दिला. बिगरआदिवासी मुलीला जो वाटा मिळतो तो आदिवासी मुलीला नाकारण्याचे कारण नाही, असे सांगून कायदा बदलण्याचा विचार करा, असे त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राला सुचवले. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात ते आणखी पुढे गेले. मुलींना वाटा देण्याची रूढी सिद्ध करा, असे खालच्या न्यायालयांनी स्त्रीच्या वारसांना सांगितले होते. वाटा नाकारणारी रूढीही कुणी सिद्ध केलेली नाही, मग नकारच गृहीत का धरायचा, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने त्या वारसांना समान वाटा दिला. पण हिमाचल उच्च न्यायालयाने तिथल्या आदिवासी भागातील मुलींना हिंदू वारसा कायदाच लागू केला होता, तो निर्देश ऑक्टोबर २०२५ मध्ये याच न्यायालयाने काढून टाकला. कायद्यातली भिंत न्यायालयाला पाडता येत नाही. अधिसूचनेची सही दिल्लीतच व्हायला हवी.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकून घेण्याजोगे आहेत. आदिवासींना हिंदू कायद्याच्या छत्राखाली आणणे म्हणजे त्यांची ओळख पुसणे, हा पहिला. तो रास्त आहे. पण मुलीला वाटा देण्यासाठी हिंदू कायदाच लावला पाहिजे असे नाही. ग्रामसभांशी बोलून, रूढी जपून, फक्त मुला-मुलीला समान वाटा देणारा वेगळा कायदा करता येतो. दुसरा आक्षेप असा, की मुलीने जमातीबाहेर लग्न केले तर जमीन परक्याच्या घशात जाईल. ही भीतीही पोकळ नाही. आदिवासींच्या जमिनी कशा गेल्या हे सावकारांच्या वह्या सांगतील. पण आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणावर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ चा पहारा आहे. तो आणखी कडक करा. मात्र दारूच्या उधारीत भाऊ जमीन गमावतो, तेव्हा त्याचा वारसाहक्क काढून घ्यावा असे कोणी म्हणत नाही. मग परक्याची भीती दाखवायची ती फक्त बहिणीला?

केंद्राची वाट पाहत राज्याने हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. पाचव्या अनुसूचीने राज्यपालांना अनुसूचित क्षेत्रासाठी विनियम करण्याचा अधिकार दिला आहे. जनजाती सल्लागार परिषदेशी विचारविनिमय आणि राष्ट्रपतींची संमती त्याला लागते. पहिले पाऊल तिथून पडू शकते. तोवर तलाठ्याने वारसनोंद करताना बहिणींची नावे विचारल्याशिवाय फेरफार पुढे सरकू नये आणि डाकीण ठरवलेल्या बाईच्या तक्रारीत तिच्या जमिनीचा वाद आहे का, हे पोलिसांनी तपासावे.

हे अशक्य नाही, याचा दाखला सरकारच्याच दप्तरात आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, तेव्हा वनपट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे काढण्याची सक्ती त्यात झाली, वनहक्क समितीत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. त्यामुळे कोणत्याही जमातीची ओळख बुडाली नाही. वनपट्ट्यावर नवऱ्याच्या नावाशेजारी जिचे नाव लिहिता येते, तिचे नाव बापाच्या सातबाऱ्यावर भावाच्या नावाशेजारी लिहायला सरकारने आता आणखी उशीर करू नये.