भाव कशावर उभा आहे?

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी चिप बनवणाऱ्या एन्व्हिडियाचे बाजारमूल्य ऑक्टोबर 2025 मध्ये पाच लाख कोटी डॉलरवर गेले. ही तेजी मोबाईलमधून यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी, पुसद, दारव्ह्यापर्यंत पोहोचली आहे. पुढचा काळच तंत्रज्ञानाचा, मग शेअर पडेल कसा, असे शिक्षक विचारतात आणि कापसाचे पैसे हाती आलेला शेतकरीही विचारतो. याचे उत्तर कापसाच्याच इतिहासात आहे.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. मुंबईत लोटलेला पैसा शेअरमध्ये शिरला. दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बाजार हलू लागला. बॅक बेच्या समुद्रात भराव घालणाऱ्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. बँक ऑफ बॉम्बेने शेअर तारण ठेवून कर्जे दिली, त्या कर्जांतून पुन्हा शेअर घेतले गेले. 1865 च्या वसंतात युद्ध संपले, कापूस उतरला. 1 जुलैला वायद्यांचा हिशेब चुकता करायचा होता, पण पैसा कुणाकडेच नव्हता. बँकेचा 2850 रुपयांचा शेअर 87 वर आला. बॅक बेवर पुढे भराव पडलाच, त्यावर आज मुंबईचा काही भाग उभा आहे. कल्पना खरी होती. तिला लावलेला भाव खोटा होता.

इंटरनेटच्या तेजीत 10 मार्च 2000 रोजी अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक 5048 वर होता. ऑक्टोबर 2002 पर्यंत तो सुमारे 78 टक्के घसरला. इंटरनेट मात्र वाढतच गेले. इंटरनेटची उपकरणे बनवणारी सिस्को बुडाली नाही, तरी तिच्या शेअरला तेव्हाचा भाव पुन्हा दिसायला पंचवीस वर्षे लागली. आपल्याकडे शेअर दलाल केतन पारेखच्या घोटाळ्यानंतर जुलै 2001 मध्ये यूटीआयच्या यूएस-64 योजनेचे व्यवहार गोठले आणि कितीतरी निवृत्तांची पुंजी अडकली.

आजची लक्षणे ओळखीची आहेत. सप्टेंबर 2025 मध्ये एन्व्हिडियाने आपल्याच ग्राहकात, चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयमध्ये, दहा हजार कोटी डॉलरपर्यंत गुंतवण्याचे जाहीर केले. विकणाराच घेणाऱ्याला पैसा पुरवू लागला की मागणी किती खरी, हे कळेनासे होते. डेटा सेंटरसाठी बड्या कंपन्या कर्जरोखे काढत आहेत. रेल्वेचे रूळ पिढ्यान्‌पिढ्या चालले. डेटा सेंटरमधली चिप मात्र काही वर्षांत जुनी होते, म्हणजे खर्च लवकर वसूल व्हायला हवा. शिवाय कुणी तेच काम स्वस्तात करून दाखवले तर? जानेवारी 2025 मध्ये चीनच्या डीपसीक या स्वस्त एआय प्रणालीमुळे एन्व्हिडियाचे सुमारे 59 हजार कोटी डॉलरचे मूल्य एका दिवसात गेले. घसरण कधी येईल, हे कुणी सांगू शकत नाही. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

ती आली तर आधार काय? यवतमाळच्या बाबाजी दाते महिला बँकेचा परवाना 2022 मध्ये रद्द झाला, तेव्हा ठेवींना पाच लाखांपर्यंत विम्याचे छत्र होते. शेअरला ते नाही. वायदे-पर्यायांत तर 2024-25 मध्ये दहापैकी नऊ वैयक्तिक व्यवहारकर्त्यांनी पैसा गमावल्याचे सेबीनेच दाखवले आहे.

मृगात बियाणे-खताला लागणारा पैसा बाजारात असेल आणि बाजार त्याच वेळी खाली असेल, तर शेतकऱ्याला पडत्या भावात विकावेच लागेल. थांबण्याची ऐपत असलेला मोठा गुंतवणूकदार त्याच भावात खरेदी करेल. म्हणून पीककर्जाचा, पतसंस्थेच्या कर्जाचा आणि पेरणीचा एकही रुपया या तेजीत जाऊ नये. कर्जमंजुरीच्या वेळीच पतसंस्थांनी हे सभासदांना स्पष्ट सांगावे, आणि शेअरसाठी मागितलेले कर्ज नाकारावे.